दोन नंबरचा कप इथिओपियाचा

माझ्या टाळूचं कौतुक झालं आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

तोवर माझ्या कुठल्याच अवयवाचं कुणी कौतुक केलेलं नव्हतं. उंची बेताची, चष्म्याचा नंबर मोठा, आणि आवाज असा की फोनवर अनोळखी माणूस पहिल्या वाक्यातच मला 'मॅडम' म्हणतो. विमा कंपनीत शाखाधिकारी आहे. दिवसभर इतरांच्या नुकसानीचा अंदाज बांधायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या, म्हणजे वर्षाराणीच्या, हातची कॉफी प्यायची. पुडीतली कॉफी, भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर आणि वरून जायफळ. प्यायल्यावर माणसाला झोप यावी अशी ती कॉफी. माझं तिच्याविषयी काहीही म्हणणं नव्हतं.

मग आम्ही चिकमंगळूरला फिरायला गेलो. तिथं एका मळ्यावर गोल टोपी घातलेल्या एका तरुणानं आमच्यापुढं कॉफीचे पाच-सहा कप मांडले. बिनदुधाची, बिनसाखरेची. "घोट घ्या आणि कशाची चव लागते ते सांगा," असं तो इंग्रजीत म्हणाला. मला कडू लागली. पण कडू कॉफीला कडू म्हणणं फार गावठी दिसलं असतं, म्हणून मी डोळे मिटले आणि म्हणालो, "गूळ."

गूळ मी का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. कोल्हापूरच्या माणसाला परमुलखात दुसरं काय आठवणार?

टोपीवाला टाळी वाजवून म्हणाला, "सर, यू हॅव अ व्हेरी गुड पॅलेट!"

मी फोनमध्ये अर्थ बघितला. पॅलेट म्हणजे टाळू. माझा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथं कौतुक करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मग लक्षात आलं की त्याला आतली टाळू म्हणायची होती. छाती जरा पुढं आली. वर्षाराणी कानात म्हणाली, "अहो, त्या हुबळीच्या पाव्हण्यांनी 'मीठ' म्हणून सांगितलं, त्यांनाबी त्यानं हेच सांगितलंय." मी तिकडं लक्ष दिलं नाही. माणसाला मोठेपण मिळतं तेव्हा घरच्यांना ते उशिरा कळतं.

चिकमंगळूरची एक पिशवी आणि कुर्गची एक पिशवी घेऊन आम्ही परतलो. दोन्ही अख्ख्या बियांच्या. दळलेली कॉफी म्हणजे मेलेली कॉफी, असं टोपीवाल्यानं सांगितलं होतं.

आमचं पंचरत्न अपार्टमेंट राजारामपुरीच्या एका गल्लीत आहे. तिथं कुणी नवीन कुकर आणला तरी चर्चा होते, त्यामुळं माझी टाळू झाकून राहणं शक्यच नव्हतं. तशी मी ती झाकायचा प्रयत्नही केला नाही. आमचे चेअरमन गणपतराव दूध संघातून निवृत्त झालेले. ते सकाळी पार्किंगमध्ये पाण्याच्या टँकरवर लक्ष ठेवून उभे असतात. त्यांना मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "कुर्गची कॉफी मला जरा मातकट लागते हो. चिकमंगळूरला कशी एक गुळचट झाक आहे."

गणपतरावांनी माझ्याकडं काळजीनं बघितलं. "कोण आजारी हाय काय घरात?"

"का बरं?"

"न्हाय, कॉफीचा विषय निघाला म्हणून. आमच्यात तापबिप आल्याबिगर कॉफी करत न्हाईत."

तेवढ्यात जिन्यावरून उदयसिंह सरनोबत उतरले. कबनूरला त्यांचे यंत्रमाग आहेत, सुताच्या कामासाठी महिन्याला बेंगळुरूची वारी असते, आणि तिथून आणलेलं एक चकचकीत कॉफीचं यंत्र त्यांच्या दिवाणखान्यात देवघरापेक्षा मोठ्या जागेत बसवलेलं आहे. माझं वाक्य त्यांच्या कानावर गेलंच.

"देसाईसाहेब," ते म्हणाले, "चिकमंगळूर म्हणजे सहलीला जाणाऱ्यांची कॉफी. टाळूवाला माणूस इथिओपिया पितो. फुलांचा वास, मागनं लिंबू. भारतातली म्हणाल तर एकवेळ आंध्रातली अराकू."

"इथिओपिया मला जरा उथळ वाटते," मी म्हणालो. इथिओपिया मी नकाशात सोडून कुठंही बघितलेला नव्हता. पण समोरचा माणूस 'टाळूवाला' म्हणाला होता, आणि तो शब्द माझा होता.

"उथळ?" उदयसिंह पायरीवरच थांबले. "डोळे बांधून चार कप समोर ठेवले तर तुम्हांला कुर्ग कुठली नि इथिओपिया कुठली सांगता येतंय का?"

"तुम्हांला येतंय का?"

एखाद्या दुसऱ्या गावात हा वाद इथंच संपला असता. पण कोल्हापुरात दोन माणसं एकमेकांसमोर छाती काढून उभी राहिली की तिसऱ्याला ती कुस्तीच दिसते. गणपतरावांचे डोळे चमकले. टँकर भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"जोड चांगली हाय," ते म्हणाले. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की हितंच लावू. दोन कॉफ्या देसाईसाहेबांच्या, दोन सरनोबतांच्या. डोळं बांधायचं, चव घ्यायची, गाव सांगायचं. व्हय का न्हाय?"

आम्ही दोघंही 'व्हय' म्हणालो. त्या वेळी 'न्हाय' म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्या फक्त नावात आहे. माझं नाव धैर्यशील.

सरावासाठी मला इथिओपिया हवी होती. माझा मेव्हणा, कृष्णात, दुबईत असतो. त्याला फोन केला, त्यानं पार्सल पाठवलं, आणि ते सरकारी वाटेनं येता येता गावातल्या एका कार्यालयात अडकलं. मी पावती घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला.

"कॉफी बीन्स. म्हणजे भाजीतल्या बिन्सा?"

"नाही, कॉफीच्या बिया."

"बिया!" त्या दचकल्या. "परदेशी बियाणं असं सोडता येत नाही. शेतीच्या हाफिसातनं लिहून आणा की हे बियाणं नाही म्हणून."

शेतीच्या हाफिसात एक साहेब टेबलावर शेंगा सोलत बसले होते. बहुधा नमुने असावेत. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "सातबारा आणलाय?"

"सातबारा कशाला?"

"पेरणार कुठं ते कळाय नको?"

"मी पेरणार नाही. पिणार आहे."

"बी पिणार?"

"भाजून, दळून पिणार. किंबहुना ते भाजलेलंच आहे."

"भाजलंय असं तुम्ही म्हणताय. उगवण तपासावी लागंल. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. मोड आलं न्हाईत तर आम्ही दाखला देतो. बी घिऊन या."

"बी पार्सलात आहे. पार्सल त्यांच्याकडं आहे. दाखला दिल्याशिवाय ते पार्सल देत नाहीत."

"मग त्यांच्याकडनं पार्सल आणा, म्हणजे दाखला देतो."

या दोन खिडक्यांच्या मध्ये मी इतक्या चकरा मारल्या की शेवटी रिक्षावाला मला 'आज कुठली खिडकी?' असं विचारायला लागला. एका सकाळी मात्र साहेबांनी शेंगा बाजूला सारून मला नीट न्याहाळलं.

"पावणं, मूळ गाव कुठलं तुमचं?"

"हातकणंगले तालुका."

"आणि सासुरवाड?"

"शिरोळ."

"शिरोळात कुणाच्यात?"

मी सांगितलं. वर्षाराणीच्या चुलत्याची सून ही साहेबांच्या मावसभावाची मेहुणी निघाली. साहेब उभे राहिले. "मग हे आधी सांगायचं की! उगंच बियाणं-बियाणं करत बसला." त्यांनी चहा मागवला आणि दाखल्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'सदर बी भाजलेले असून भविष्यात त्याची उगवण झाल्यास अर्जदार जबाबदार राहील.' विम्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही इतकं भक्कम वाक्य मला कधी लिहिता आलेलं नाही.

पार्सल घरी आलं. आता दळायचं कशात?

"माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही," वर्षाराणी म्हणाली. ती महिला मंडळात गेल्यावर मी हात लावला. बिया कडक होत्या. मिक्सरनं एक मोठा हुंकार दिला, एक छोटा दिला, आणि मग त्यातून जो धूर निघाला त्याला मात्र कॉफीचा वास अजिबात नव्हता. परत आल्यावर वर्षाराणीनं मिक्सर जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटासमोर ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

सल्ले सुरू झाले. गणपतराव म्हणाले खलबत्ता घ्या. मी खलबत्ता घेतला तर खालच्या मजल्यावरून निरोप आला की झुंबर हलतंय. दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त गुरुजींनी बिया रात्रभर भिजत घालायचा सल्ला दिला; ते भिजवल्याशिवाय कुठलीच गोष्ट करत नाहीत. अखेरीस मी तिन्ही पिशव्या स्कूटरवर घेतल्या आणि निसारभाईंच्या गिरणीवर गेलो. आमच्या भागातली निम्मी चटणी, म्हणजे लाल तिखट, त्यांच्या कांडपावर निघते. यंदा मिरची लवकर आली होती आणि बायांची रांग लागलेली होती. सगळी रांग शिंकत होती.

"साहेब, आज चटणीचा घाणा चाललाय," तोंडावरचा रुमाल बाजूला करून निसारभाई ओरडले. "सोमवारी या की. मशीन धुऊन देतो."

"सोमवारी सव्वीस जानेवारी आहे!"

"मग मंगळवारी!"

"मला आजच पाहिजे. तुम्ही नुसता एक फडका मारा."

"फडक्यानं काय हुतंय? ही नुसत्या रंगाची ब्याडगी न्हवं, जाळ काढणारी संकेश्वरी हाय. बघा, नंतर मला बोलायचं न्हाय."

"नाही बोलणार," मी म्हणालो. आणि मी शब्दाचा पक्का आहे. त्यांना मी आजतागायत काहीही बोललेलो नाही.

दळलेली पूड घरी आणून मी तीन बरण्यांत भरली. तिन्हींना सुरेख लालसर झाक होती. परदेशी मालाला असते तशी, असं माझ्या मनात आलं. त्यातल्या दोन बरण्या देशी मालाच्या होत्या हे मनात आलं नाही. रीतसर इथिओपिया केली, डोळे मिटले, घोट घेतला. आधी कडू. मग काही नाही. मग घशात एक ठिणगी पडली आणि ती कानांपर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी आलं. जगातली नामांकित कॉफी पिताना माणसं हेलावतात, असं मी वाचलं होतं. मी हेलावलो होतो.

गणपतराव सोसायटीच्या पावतीपुस्तकावर सही घ्यायला आले होते. त्यांना मी कप दिला. "इथिओपिया. शेवटाला जरा उष्णता जाणवेल. तिथल्या मातीचा गुण आहे तो."

गणपतरावांनी घोट घेतला, थोडा वेळ समोरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणाले, "पाव हाय काय घरात?"

"पाव कशाला?"

"न्हाय, कट झकास झालाय."

मी त्यांच्या अज्ञानाला मनातल्या मनात क्षमा केली आणि सराव चालू ठेवला. तिन्ही कॉफ्यांची उष्णता सारखीच लागत होती, ही गोष्ट जरा खटकली खरी. पण खोलात गेल्यावर चिकमंगळूरची उष्णता जिभेच्या डाव्या बाजूला आणि कुर्गची उजव्या बाजूला जाणवते, असा शोध मला लागला. वर्षाराणी माझ्यासाठी दहीभात कालवून ठेवायला लागली होती. त्याचा संबंध मी कॉफीशी लावला नाही.

सव्वीस जानेवारी उजाडली. पार्किंगमधल्या गाड्या गल्लीत गेल्या, झेंडा लागला, राष्ट्रगीत झालं, गणपतरावांचं भाषण झालं. ते दरवर्षीप्रमाणं प्रजासत्ताकापासून सुरू होऊन मेन्टेनन्सवर संपलं. मग जिलेबी आली. सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात जिलेबी खाल्ली नाही तर नागरिकत्वावर शंका घेतात. मी म्हणालो, "चव घेण्याआधी मी गोड खाणार नाही." गणपतराव म्हणाले, "झेंड्यादेखत जिलबीला न्हाय म्हणताय?" मी खाल्ली. उदयसिंहांनीही खाल्ली. आग्रहाला संख्या नसते, त्यामुळं किती खाल्ली ते सांगत नाही. आमच्या दोघांच्या टाळूंवर पाकाचा एक चकचकीत थर बसला.

कॉफी करायची जबाबदारी वर्षाराणी आणि नसरीनवहिनी यांच्याकडं होती. नसरीनवहिनी तळमजल्यावर राहतात, हायस्कूलमध्ये गणित शिकवतात, आणि त्या कुणाचीही बाजू घेणार नाहीत याविषयी दोन्ही पक्षांचं एकमत होतं. त्यांचं स्वयंपाकघर पार्किंगला लागून. आमच्या बरण्या आणि सरनोबतांचे डबे सकाळीच आत गेले होते.

गणपतरावांनी आम्हां दोघांना खुर्चीत बसवून डोळ्यांवर फेट्याच्या पट्ट्या बांधल्या. कुणीतरी हलगी आणली होती. कॉफी पिताना मागं हलगी वाजत असली की छातीत जे होतं, ते कॉफीचं की हलगीचं, ते सांगता येत नाही.

"एक नंबर!" गणपतराव ओरडले.

मी कप तोंडाला लावला. दूध! "गणपतराव, यात दूध आहे!"

"मग? झेंडावंदनाला आलेल्या मान्सांस्नी बिनदुधाची कॉफी द्यायची? मी दूध संघात काम केलंय. माझ्या देखत हे व्हणार न्हाय."

प्रेक्षकांनाही तेच कप वाटले जात होते हे आवाजावरून कळत होतं. मी जिभेला ताण दिला. जिलेबी लागली. आणखी ताण दिला. जिलेबीच्या मागं काहीतरी ओळखीचं होतं. "कुर्ग," मी म्हणालो. "मातकट."

"अराकू," उदयसिंह म्हणाले. "धुरकट."

"दोन नंबर!"

दोन नंबरचा घोट घेतला आणि मला एकदम शांत वाटलं. मऊ, घरगुती, थकवा जावा अशी चव. ही नक्की काहीतरी फार लांबची, फार उंचावरची कॉफी असणार. "इथिओपिया," मी म्हणालो. आणि त्याच क्षणी शेजारून उदयसिंह म्हणाले, "इथिओपिया!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगी टिपेला गेली. पट्टीखालून माझे डोळे भरून आले. या वेळी मिरचीचा संबंध नव्हता. सहा महिन्यांपूर्वी ज्याच्या टाळूची कुणाला खबर नव्हती तो मी इथिओपिया ओळखत होतो. तीन नंबरला मी चिकमंगळूर म्हणालो, ते कुर्ग म्हणाले. चार नंबरला मी अराकू म्हणालो, ते चिकमंगळूर. पट्ट्या सुटल्या. गणपतरावांनी हात वर करून हलगी थांबवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं वळून म्हणाले, "वहिनी, आता निकाल सांगा."

वर्षाराणी आणि नसरीनवहिनी दारात उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. नसरीनवहिनींनी हातानंच 'तुम्ही सांगा' म्हटलं.

"चारी एकच आहेत," वर्षाराणी म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही.

"म्हणजे?" गणपतराव.

"ह्यांच्या दोन्ही बरण्यांत निम्मी चटणी आहे. उघडल्या उघडल्या वहिनींना शिंका आल्या. लहान पोरं पिणार, म्हणून बाजूला ठेवल्या. सरनोबतांच्या डब्यांत तळाला चिमूटभर पूड होती."

"तळाला?" उदयसिंह ताडकन उठले. "भरलेलं डबं होतं!"

त्यांची मुलगी तेजस्वी कॉलेजला आहे. ती मैत्रिणींच्या घोळक्यातून हळूच म्हणाली, "पप्पा, ती मी चेहऱ्याला लावली. मध घालून. मला वाटलं जुनी आहे."

"इथिओपिया? तोंडाला?"

"अराकूपण."

"मग आम्ही काय करणार?" वर्षाराणी म्हणाली. "वाण्याकडनं पुड्या आणल्या, एकाच पातेल्यात दूध-साखर घालून केली आणि कप भरून चार थाळ्यांतनं पाठवली. जायफळ घातलंय थोडं."

झेंड्याची दोरी खांबावर टकटक आपटत होती. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. उदयसिंहांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं आणि त्यावरून अंदाज बांधला. नुकसान पूर्ण होतं. दुरुस्तीपलीकडचं.

आणि मग उदयसिंह जे बोलले त्याला मी मोठेपणा म्हणतो.

"शक्य न्हाय," ते म्हणाले. "दोन नंबरची इथिओपियाच होती."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाला खरं आणि शेजारी यांतून एकाची निवड करावी लागते.

"मीही तेच म्हणतो," मी म्हणालो. "दोन नंबरची वेगळी होती. माझी टाळू मला फसवणार नाही."

"अहो, एकाच पातेल्यातली होती!" वर्षाराणी म्हणाली.

"पातेलं एक असेल," उदयसिंह म्हणाले. "पण दोन तज्ज्ञ, डोळे बांधलेले, एका आवाजात एकच नाव घेत्यात. याला काय अर्थ हाय की न्हाय?"

ते ऐकून गर्दीत चुळबूळ झाली. मघाशी हसायला तयार असलेली माणसं आपापल्या रिकाम्या कपांत डोकावायला लागली. गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "मलाही दुसऱ्या कपाला एक फुलांचा वास जाणवला होता. पण म्हटलं आपण कशाला बोला."

"दोन न्हवं, तीन नंबरची भारी होती," कुणीतरी मागून म्हणालं.

"तीन? तीन नंबरला काय चव होती ओ! पाणचट!"

"तुमची जीभ तंबाखूनं गेलीया!"

"चार नंबरला खरी मजा होती. मागनं लिंबू लागत होतं."

"लिंबू दोन नंबरला होतं!"

नसरीनवहिनींनी पातेलं बाहेर आणून सगळ्यांना दाखवलं. गणिताच्या बाई असल्यामुळं पुराव्यावर त्यांचा विश्वास. गणपतरावांनी पातेल्यात वाकून बघितलं, वास घेतला आणि मान हलवली. "वहिनी, पातेलं बघून काय कळतंय? चव जिभेला कळती. तुम्ही दोघींनी चाखली हाय का कपातनं?"

"नाही. आम्ही केली."

"मग झालं की! केली तुम्ही. चाखली आम्ही."

वाद जिन्यापर्यंत गेला. पहिला मजला दोन नंबरचा झाला, गुरुजी सोडून दुसरा मजला तीन नंबरचा. ज्यांचं पार्किंगवरून आधीच बिनसलं होतं ते चार नंबरला जाऊन मिळाले. शेवटी गणपतरावांनी पुन्हा हलगी वाजवायला सांगितली आणि खुर्चीवर चढले.

"आज दिवस कुठला हाय? प्रजासत्ताक! मग आपसात भांडायचं न्हाय. बहुमतानं ठरवायचं. दोन नंबरची कॉफी इथिओपियाची हुती, असं ज्यांचं म्हणणं हाय त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. उदयसिंहांचा, माझा, गुरुजींचा, पहिल्या मजल्याचा सगळा. तेजस्वीनंही केला, तिला घरी जायचं होतं. हलगीवाला सोसायटीचा सभासद नव्हता, तरी त्यानंही केला.

"विरोधात?"

वर्षाराणी आणि नसरीनवहिनी. तीन आणि चार नंबरवाले अजून जिन्यातच भांडत होते.

"ठराव मंजूर," गणपतराव म्हणाले. "वहिनी, वाईट वाटून घिऊ नका. लोकशाही हाय."

उदयसिंहांनी मला मिठी मारली. इतक्या वर्षांत ते मला जिन्यात भेटले तर वाट देत नसत. "देसाईसाहेब," ते म्हणाले, "टाळू असावी तर अशी." मी म्हणालो, "सरनोबत, तुमचीही कमी नाही." टोपीवाल्यानं आम्हांला बघितलं असतं तर त्याला धन्य वाटलं असतं.

घरी आलो तेव्हा वर्षाराणी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं पंखा लावलेला नव्हता, टीव्ही लावलेला नव्हता. विजयी माणसाला अशा वेळी जरा उदार व्हावंसं वाटतं. मी तिच्या शेजारी बसलो.

"तुलाही चव घ्यायला हवी होती बघ," मी म्हणालो. "मला सांग ना, चिकमंगळूर, कुर्ग, अराकू, इथिओपिया, यांतली तुला कुठली आवडली असती?"

"मला?"

"हो, तुलाच."

हे कुणी आपल्याला विचारेल असं तिला वाटलेलं नसावं.

"चहा," ती म्हणाली.

"कॉफ्यांत म्हणतोय मी."

"कॉफ्यांत काही नाही. मला कॉफी आवडतच नाही. वास आला तरी मळमळतं."

"पण तू रोज माझ्याबरोबर पितेस! चिकमंगळूरला प्यायलीस!"

"लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, आमच्या देसायांच्यात कॉफी पितात. मग पीत गेले. दुपारी नसरीनवहिनींच्यात चहा होतो माझा. आलं घालून, कडक."

खालून आवाज आला. तीन नंबरवाले गणपतरावांना फेरमतदान मागत होते. मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. पातेलं सापडलं. साखर सापडली. चहाची पूड, कॉफीच्या पुड्यांमागं, पाहुण्यांसाठी ठेवलेली, सापडली. आलं मात्र सापडेना.

"आलं कुठं असतं गं?"

"फ्रिजमध्ये. खालच्या खणात. पिवळी पिशवी."

किसणी कुठं असते, गाळणं कुठं असतं, गॅस बारीक कुठल्या बाजूला होतो, हे सगळं तिनं सोफ्यावरूनच सांगितलं. चहा बऱ्यापैकी उतू गेला, पण दोन कप उरला. तिच्या हातात एक दिला, एक मी घेतला. तिनं फुंकर घातली, घोट घेतला आणि डोळे मिटले. 'गूळ'बीळ काही म्हणाली नाही. नुसती बसून राहिली.

मीही घोट घेतला. जिभेवर घोळवला. टाळूला लावला.

"ह्याला की नाही," मी म्हणालो, "मागं जरा एक धुरकट..."

वर्षाराणीनं एक डोळा उघडला.

"साखर हवी का तुला आणखी?" मी विचारलं.